निरंक

वैशाखातल्या ज्या पौर्णिमेला आपण बुद्धपौर्णिमा म्हणतो त्या रात्री महाराष्ट्रातल्या अरण्यांत पाणवठ्यांच्या काठी मचाणे बांधून वन्यप्राण्यांची मोजदाद करण्याचा जो शिरस्ता पडून गेला आहे, त्याला अनुसरून काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका जंगलात एका वनरक्षकाच्या सोबतीने मी एक रात्र जागून काढली. नाले आटलेले, पाणी मोजक्याच डबक्यांतून उरलेले, आणि चांदणे असे लख्ख की पाण्यावर वाकलेल्या जनावराचे कानसुद्धा नजरेला सापडावेत. तेव्हा जंगलात जे जे आहे ते तहानेपोटी पाण्यावर येईल आणि पाण्यावर जे जे येईल ते आपल्याला दिसेल, ही या शिरस्त्याच्या मुळाशी असलेली साधी समजूत. रात्रभरात चितळे आली, सांबरे आली, रानडुकरांचा एक कळप चिखल घुसळून गेला आणि पहाटेच्या सुमारास एक अस्वल येऊन बराच वेळ पाणी पीत राहिले. बिबट्या मात्र दिसला नाही. सवादोन ते तीनच्या दरम्यान चंद्र ढगाआड गेला होता, पलीकडच्या काठावर पाचोळा दोनदा वाजला होता, आणि आम्ही दोघेही डोळे फाडून काळोखाकडे पाहत बसलो होतो.

सकाळी वनरक्षकाने छापील तक्ता भरायला घेतला. बिबट्याच्या ओळीपाशी त्याची पेन्सिल थांबली. ‘इथं निरंक लिवा लागते साहेब,’ तो म्हणाला, ‘पण थो आलाच नाई, का आपल्याले दिसला नाई, हे कसं सांगाव?’ मी म्हटले, ‘भाऊ, दोन्हींपैकी काय ते मलाही सांगता येणार नाही.’ त्याने ‘निरंक’ लिहिले, थोडा वेळ कागदाकडे पाहिले, आणि तक्त्याला शेऱ्याचा रकाना नसल्यामुळे समासाच्या अरुंद जागेत बारीक अक्षरांत घातले : ‘२.१५ ते ३.०० चंद्र ढगाआड.’

दफ्तरी मराठीतला ‘निरंक’ हा शब्द अत्यंत सोयीचा आहे, आणि त्याची सोय हाच त्याचा दोष आहे. जन्ममृत्यूच्या नोंदीपासून टंचाईच्या अहवालापर्यंत ज्या रकान्यात लिहिण्याजोगा आकडा नाही तिथे तो बसतो, आणि एकदा बसला की आकडा का नाही, वस्तूच नाही म्हणून की वस्तू आपल्या हाती लागली नाही म्हणून, याची वाच्यता करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर उरत नाही. त्या वनरक्षकाने पेन्सिल थांबवून जो प्रश्न विचारला तो प्राणिशास्त्राचा आहे हे उघडच आहे. परंतु आपल्या दर्शनकारांनी दीड हजार वर्षांहून अधिक काळ ज्याचा कीस काढला, आणि ईश्वराच्या अस्तित्वाचा वाद ज्याच्या भोवती फिरत राहिला, तोही नेमका हाच प्रश्न आहे.

समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळते कसे? घडा असता तर डोळ्यांना दिसला असता हे खरे. पण घड्याचे नसणे डोळ्यांना कसे दिसावे? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि त्यांच्यामागून अद्वैत वेदान्ती यांनी उत्तर दिले की, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती यांच्या जोडीला ‘अनुपलब्धि’ नावाचे सहावे प्रमाण मानले पाहिजे आणि अभावाचे ज्ञान त्याच प्रमाणाने होते. नैयायिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिला, पण त्याच्या ज्ञानासाठी वेगळे प्रमाण मानण्याची गरज नाही, अनुपलब्धीचे साहाय्य घेऊन प्रत्यक्षच ते काम करते, असे म्हटले. प्राभाकरांनी अभाव म्हणून निराळी वस्तूच नामंजूर केली. नुसती जमीन दिसणे म्हणजेच घडा नसणे, असा त्यांचा पक्ष. धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानाचा हेतू ठरविले. या मतामतांच्या गलबल्यात एका गोष्टीवर मात्र बहुतेकांचे एकमत आहे, आणि ती गोष्ट माझ्या मते या साऱ्या वादाचे सार आहे : कोणतीही अनुपलब्धि चालत नाही, ती ‘योग्य’ असावी लागते. वस्तू दिसण्याजोगी असेल, उजेड पुरेसा असेल, डोळे धड असतील, मन जागेवर असेल, थोडक्यात घडा असताच तर तो खात्रीने दिसला असता असे म्हणता येत असेल, तरच तो दिसला नाही यावरून तो नाही असे म्हणण्याचा अधिकार पोहोचतो. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही यावरून घड्याविषयी काहीच सिद्ध होत नाही, आणि जे मुळातच इंद्रियांच्या आटोक्याबाहेरचे आहे त्याच्या न दिसण्यातून धर्मकीर्तीच्या मते फार तर संशय निष्पन्न होतो, निश्चय होत नाही.

ही योग्यता कोणकोणत्या कारणांनी ढळते याची यादी ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या सातव्या कारिकेत दिली आहे. प्रकृती आहे पण ती सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाही, एवढे सिद्ध करणे हा त्याचा हेतू. परंतु रानावनांत हिंडून प्राण्यांच्या नोंदी करणाऱ्या कोणाही माणसाने ती यादी वाचावी आणि आपलीच टिपणवही कोणीतरी आधी लिहून ठेवली आहे असे त्याला वाटावे, इतकी ती नेमकी आहे. वस्तू फार दूर असते, किंवा फार जवळ असते, इंद्रियाला इजा झालेली असते, मन भलतीकडे असते; वस्तू अतिसूक्ष्म असते, मध्ये आडोसा असतो, दुसऱ्या प्रखर वस्तूने ती झाकोळून जाते, किंवा तिच्यासारख्याच वस्तूंत ती मिसळून जाते. दिवस वर आल्यावर नक्षत्रे असतात पण दिसत नाहीत, हा अभिभव. आमच्या मचाणासमोरचा ढग हे व्यवधान. पहाटे तीनला डोळ्यांवर येणारी झापड हे मनाचे अनवस्थान. आणि शेवटचे जे कारण, सारख्यात सारखे मिसळून जाणे, त्याने तर आपल्या खानदेशात एका पक्ष्याला शंभरांहून अधिक वर्षे गडप करून ठेवले होते.

त्या पक्ष्याचे नाव रानपिंगळा. 1873 साली ॲलन ह्यूम याने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले ते आजच्या छत्तीसगडात मिळालेल्या एका नमुन्यावरून, आणि तो नमुना धाडणारे ब्लेविट यांचे नाव पक्ष्याला दिले. पुढे खानदेशात नोकरीवर असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांना शहादा-तळोद्याच्या बाजूला तो आढळला. 1884 नंतर मात्र त्याची खात्रीलायक नोंद थांबली. संग्रहालयांतून सात नमुने उरले, आणि जिवंत पक्षी कोणी पाहिला असे छातीवर हात ठेवून सांगणारा कोणी उरला नाही. गावागावांच्या वडा-पिंपळांवर जो ठिपकेदार पिंगळा बसलेला असतो त्याच्याशी याचे साम्य इतके की डोक्यावर ठिपक्यांची दाटी नाही, पट्टे अधिक ठसठशीत आहेत, देह अंमळ दणकट आहे, एवढ्या खुणांवर पारख करावी लागते. शिवाय हा पिंगळा दिवसाउजेडी वावरणारा. घुबडाच्या जातीचा म्हणून जो त्याला रात्री शोधायला जाईल त्याला तो कसा भेटावा? सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांचे शोधही रिकाम्या हाती परतले, आणि हा पक्षी नामशेष झाला असावा अशी समजूत दृढ होत गेली.

इथे दुसऱ्या एका प्रमाणाचा घात झाला होता. शब्दप्रमाण म्हणजे आप्तवाक्य, जाणत्या आणि सत्यवक्त्या माणसाचे सांगणे. ब्रिटिश सैन्यातले कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हे नामांकित पक्षिसंग्राहक. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्यावरच्या चिठ्ठीत तो 1914 साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळवल्याचे लिहिले होते. पक्ष्याच्या ठावठिकाण्याविषयीची ती सर्वांत अलीकडची साक्ष, म्हणून शोधणाऱ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतल्या कातड्यांची बारकाईने तपासणी केली तेव्हा उघड झाले की तो नमुना डेव्हिडसन यांनीच पूर्वी मिळवलेला होता. ब्रिटिश संग्रहालयातून तो चोरून, उसवून, पुन्हा भरून आणि नवी चिठ्ठी लावून कर्नलसाहेबांनी आपला म्हणून मिरविला होता. खोटी साक्ष बाजूला केल्यावर खरी जागा पुन्हा डोळ्यांसमोर आली. 1997 च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पालथी घालून निराश झाल्यावर शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले, आणि तिथे एका सकाळी, स्वच्छ उन्हात, निष्पर्ण झाडाच्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. 113 वर्षे त्याच्या नावापुढे निरंक लिहिले जात होते. पुढे तो मेळघाटात आढळला, मध्य प्रदेशातल्या सातपुड्याच्या रानांत आढळला, आणि 2014 साली मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरच्या तानसा अभयारण्यात दिसला तेव्हा तर पश्चिम घाटाचाही मुलूख त्याचा आहे हे कळून आले. या 113 वर्षांत सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांच्या डोक्यावरच्या फांद्यांवर तो पिढ्यान्‌पिढ्या बसत आला असेल. त्यांना कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी ‘पिंगळा आहे की’ एवढ्या उत्तरातून विचारणाऱ्याला कोणता पिंगळा ते उमगले असते असेही नाही.

योग्यता आहे किंवा नाही, एवढी दोनच उत्तरे आपल्या शास्त्रकारांनी मानली. उजेड आहे, तर अनुपलब्धि योग्य. अंधार आहे, तर अयोग्य. पण रानात ना धड उजेड असतो ना धड अंधार. दाट वेळूच्या बेटात वाघ दिसण्याची शक्यता असते, पण थोडी असते, आणि ती थोडी म्हणजे किती हे ठाऊक नसल्यामुळे न दिसण्याला वजन किती द्यावे ते ठरत नाही. योग्यतेला परिमाण देण्याचे हे राहून गेलेले काम अलीकडच्या परिसरशास्त्रज्ञांनी केले. 2002 साली डॅरिल मॅकेन्झी, जेम्स निकोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला, आणि तेव्हापासून ज्याला ऑक्युपन्सी मॉडेल म्हणतात ते गणिती प्रतिमान जगभरच्या अरण्यांतून वापरात आले. त्याचा गाभा सांगायला गणिताची फार गरज नाही.

मुलखाचे चौकोन पाडावेत. प्रत्येक चौकोनात एकाच हंगामात, म्हणजे तिथली वस्ती बदलण्यापूर्वी, अनेक वेळा जावे, आणि दर खेपेला प्राणी किंवा त्याची निःसंशय खूण आढळली तर एक, न आढळली तर शून्य लिहावे. तीन खेपांनंतर एखाद्या चौकोनासमोर ‘एक, शून्य, एक’ असे उमटले, तर त्यातले मधले शून्य आपल्याला फार मोलाची गोष्ट सांगते. त्या खेपेलाही प्राणी तिथे वसतीला होता, हे आधीच्या आणि नंतरच्या खेपांवरून सिद्ध आहे; म्हणजे ते शून्य प्राण्याचे नव्हे, आपले आहे. अशा शून्यांची संख्या सर्व चौकोनांतून गोळा केली की आपण किती वेळा चुकतो याचा जणू पंचनामाच हाती येतो, आणि प्राणी असूनही न दिसण्याची शक्यता किती याचा अदमास बांधता येतो. मग ‘शून्य, शून्य, शून्य’ असे ज्यांच्यासमोर आहे त्या मुक्या चौकोनांकडे वळायचे. समजा, एका खेपेला प्राणी दिसण्याची शक्यता शेकडा 40 निघाली. तर तिन्ही खेपांना तो हुलकावणी देण्याची शक्यता शेकडा सुमारे 22 होते. दोनशे चौकोनांपैकी शंभरांत प्राणी खरोखर असतील, तर त्या शंभरांतले बावीस चौकोन आपल्या वहीत निरंक राहतील आणि खरोखर रिकाम्या असलेल्या शंभरांत बेमालूम मिसळून जातील. म्हणजे निरंक लिहिलेल्या 122 चौकोनांपैकी जवळजवळ पाचात एक चौकोन मुळीच रिकामा नसेल. दहा खेपा केल्या तर हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली येते. शून्यावर मात्र ते कधीच येत नाही. कितीही वेळा गेले तरी ‘नाही’ या शब्दाच्या बुडाशी एक बारीक फट राहतेच, आणि या गणिताची थोरवी मला त्यातच वाटते की ती फट लपवीत नाही, मोजून दाखवते.

त्या पहिल्या निबंधात उदाहरण होते अमेरिकेतल्या मेरीलंडच्या पाणथळींवरच्या बेडकांचे. तिथल्या एका भेकाचा आवाज सुमारे एकतृतीयांश ठिकाणी ऐकू आला होता. न ऐकू येण्याच्या शक्यतेचा हिशोब घेतल्यावर तो सुमारे निम्म्या ठिकाणी असावा असे निघाले. आपल्याकडे हीच रीत सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबविली गेली ती कर्नाटकातल्या मलनाडाच्या आणि म्हैसुराच्या वनप्रदेशात. उल्हास कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 38,000 चौरस किलोमीटर मुलखाचे प्रत्येकी 188 चौरस किलोमीटरांचे 205 चौकोन पाडले, वाघाचे ठसे आणि विष्ठा शोधीत त्यांतून 4,174 किलोमीटर पायपीट करविली, आणि 2011 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. एक चौकोन एका वाघाच्या संचारक्षेत्राहून मोठा धरला होता, आणि एकाच पायवाटेचे लागोपाठचे तुकडे हीच त्यांची एकेक खेप होती. पण वाघ वाटेने चालणारा प्राणी. एका तुकड्यात पाऊल उमटले की पुढच्या तुकड्यात ते उमटण्याची शक्यता आपोआप वाढते आणि खेपा एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत, म्हणून त्यांना जेम्स हाइन्स यांच्या साहाय्याने मूळ गणितात दुरुस्तीही करावी लागली. निघालेला निष्कर्ष असा की वाघाला राहण्याजोग्या सुमारे 21,000 चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी सुमारे दोन तृतीयांश क्षेत्रात त्याचे वास्तव्य असावे. ‘असावे’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरतो. त्या निबंधातला प्रत्येक आकडा आपल्या अनिश्चिततेचा आकडा शेजारी घेऊनच येतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण राजस्थानातल्या सरिस्क्याचे. व्याघ्रगणनेची जी पद्धत देशात तीन दशकांहून अधिक काळ चालू होती तीत पावलांच्या ठशांवरून एकेक वाघ ओळखून त्याची गणती केली जाई, आणि न दिसलेल्यांचा हिशोब ठेवण्याची तीत सोयच नव्हती. 2004 च्या सरकारी तक्त्यात सरिस्क्यात 16 ते 18 वाघ होते. 2005 च्या आरंभी तिथे एकही वाघ नसल्याचे उघडकीस आले. शिकाऱ्यांनी ते संपविले होते. जिथे निरंक लिहायला हवे होते तिथे आकडे लिहिले गेले. त्या धक्क्यानंतर पद्धत बदलली, त्याबद्दल देशाने कृतज्ञ असावे. परंतु वाघ मात्र त्या रानात पुढे दुसरीकडून आणून सोडावे लागले.

आता त्या जुन्या, अधिक अवघड प्रश्नाकडे येतो. ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही, असे म्हणणाऱ्याला उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत जे उत्तर दिले ते सर्वांना ठाऊक असावे इतके मार्मिक आहे. चार्वाक घराबाहेर पडला की त्याची बायकामुले त्याला दिसेनाशी होतात. न दिसणे म्हणजेच नसणे असेल तर त्याने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच शोक करावा आणि घरी परतूच नये. योग्यानुपलब्धीचा दंडक इथे चार्वाकाला पुरता नडतो. पण तोच दंडक आस्तिकालाही मोकळे सोडत नाही, हे आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. ऑक्युपन्सीच्या गणिताला एक अट आहे : एकूण चौकोनांपैकी काहींत तरी, कधी तरी, प्राणी दिसलेला असला पाहिजे. सगळ्याच चौकोनांत सगळ्याच खेपांना शून्ये असतील, तर प्राणी कुठेच नाही हेही त्या शून्यांशी जुळते, आणि प्राणी सर्वत्र आहे पण आपल्याला दिसण्याची शक्यताच नगण्य आहे हेही तितकेच जुळते. गणित तिथे मौन धरते. तेव्हा नास्तिकाने सर्वत्र पसरलेल्या निरंकाकडे बोट दाखवून निकाल मागू नये, आणि आस्तिकानेही ‘तो अतींद्रिय आहे म्हणून दिसत नाही’ एवढ्या वाक्याला पुरावा समजू नये. ते वाक्य शक्यता खुली ठेवते, तिच्या पलीकडे एक पाऊलही टाकत नाही.

यावर कोणी म्हणेल की सर्वत्र शून्ये कुठे आहेत? संतांना तर दर्शन झाले. हे म्हणणे मी हलके लेखत नाही. एका माणसाच्या वहीतला खरा ‘एक’ हा इतर सर्वांच्या शून्यांचा अर्थ पालटवू शकतो, हे शहाद्याच्या त्या सकाळने दाखवून दिले आहे. परंतु कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांची चिठ्ठीही याच जगात लिहिली गेली, आणि एक खोटा ‘एक’ गणिताची जेवढी नासाडी करतो तेवढी शंभर शून्ये करीत नाहीत, हे प्रतिमानकारांनाही मान्य करावे लागले. चुकीच्या ओळखीचा हिशोब ठेवण्यासाठी त्यांना पुढे नवी प्रतिमाने रचावी लागली. म्हणून आप्त कोण, याची परीक्षा शब्दप्रमाणाला कधीच चुकत नाही. आपल्या संतांचे मोठेपण मला यात दिसते की, मी पाहिले म्हणून तू मान, एवढ्यावर त्यांनी कोणाला अडवून ठेवले नाही; स्वतः वाटेवर चालून पाहायला सांगितले, आणि एकदा नव्हे, नित्य.

तरीही एक भेद मी नजरेआड करू शकत नाही, आणि तो विसोबा खेचरांच्या आख्यायिकेने मला शिकविला. औंढ्या नागनाथाच्या देवळात शिवलिंगावर पाय ठेवून पडलेल्या त्या म्हाताऱ्याला नामदेवांनी हटकले, तेव्हा तो म्हणाला, बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय इकडे ठेवले, तिकडे ठेवले. जिथे ठेवले तिथे लिंग उभे राहिले. आख्यायिकेला कोणी इतिहास समजू नये; पण तिच्यातला विचार न्यायशास्त्राच्या भाषेत नेमका मांडता येतो. अभाव हा नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो; घड्याचा अभाव जमिनीवर, वाघाचा अभाव सरिस्क्यात. ज्याच्या अभावाला जागाच नाही, जे सर्वत्र आहे असे म्हटले जाते, त्याला नैयायिक केवलान्वयी म्हणतात, आणि त्याच्या बाबतीत ‘आहे कुठे, नाही कुठे’ अशी तुलना संभवत नाही. नामदेवांना निरंक लिहिता येईल असा एकही चौकोन सापडला नाही. म्हणजे सर्वव्यापी ईश्वर हा मुळात वास्तव्याच्या तक्त्यात घालण्याचा विषय नव्हे, आणि जे त्याला तिथे घालतात, सिद्ध करण्यासाठी असो वा खोडून काढण्यासाठी, ते घड्याच्या मापाने आकाश मोजतात. मी स्वतः श्रद्धावान आहे. पण माझी श्रद्धा अनुपलब्धीच्या फटीतून आत शिरलेली नाही, आणि त्या फटीवर तिला उभे करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

वाघ, बिबट्या, रानपिंगळा हे मात्र सर्वव्यापी नाहीत. त्यांना जागा लागते. त्या जागेला सीमा असतात, आणि त्या सीमांवर आपल्या सहीशिक्क्यांचे कागद चालतात. इथे ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांतला भेद पंडितांच्या सभेपुरता राहत नाही. एखाद्या खाणीसाठी, रस्त्यासाठी, धरणासाठी वनजमीन मागितली जाते तेव्हा जो पाहणी अहवाल होतो त्यात ‘सदर क्षेत्रात दुर्मीळ वन्यप्राणी आढळून आले नाहीत’ असे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. आणि त्याच अहवालाच्या सारांशात तेच वाक्य ‘सदर क्षेत्रात दुर्मीळ वन्यप्राणी नाहीत’ असे होऊन येते, हेही वाचले आहे. मधल्या पानांत कोण गेले, किती वेळा गेले, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या प्रहरी गेले, याचा पत्ता नसतो. आढळण्याचे क्रियापद गळते आणि असण्याचे उरते. त्या एका क्रियापदाच्या गळण्याने जी झाडे पडतात त्यांच्या ढोलींत कोण वसतीला होते हे मागाहून कोणत्याही प्रतिमानाला सांगता येत नाही, कारण पुन्हा खेप घालायला ते रान उरलेले नसते. रानपिंगळा 113 वर्षांनी सापडला, कारण शहाद्याजवळचे ते सागाचे रान तोवर काही अंशी तरी उभे होते.

ज्यांच्या हाती हे तक्ते आणि हे अहवाल मंजूर करण्याचा अधिकार आहे त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. प्राण्याच्या नावापुढे निरंक जरूर लिहावे, ते लिहिण्यात कमीपणा नाही. पण त्याच ओळीत किती खेपा झाल्या, किती तास बसलो, उजेड कसा होता आणि पाहणारा कोण होता हेही लिहावे, आणि हे लिहिलेले नसेल तो निरंक पुरावा म्हणून स्वीकारू नये. त्या वनरक्षकाला समासाच्या कोपऱ्यात ढगाची वेळ कोंबून लिहावी लागली. येत्या बुद्धपौर्णिमेचे तक्ते छापायला जाण्यापूर्वी त्यांत तेवढा एक रकाना वाढवावा.